केसपेपरवरचा आकडा

“सिस्टर, जरा बीपी बघता का?” ओपीडीच्या दारातून उभ्या उभ्या विचारलं जातं. नर्सिंगला जाणाऱ्यांनी याचं उत्तर आधी शिकावं. ते आहे, “बसा.” पाच मिनिटं निवांत, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. पट्टा दंडाला अपुरा पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्तच येतो. 140/90च्या वर पुन्हापुन्हा भरलं, की माणसाला बहुधा जन्माची गोळी लागते. गर्दीच्या ओपीडीत दरवेळी पाच मिनिटं मिळत नाहीत, हे खरं. म्हणून न मोजता ‘120/80’ लिहून मोकळं होणं मात्र महागात पडतं.

कारण केसपेपरवर उतरलेला आकडा हा पुरावा असतो. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर वेळ, आकडा आणि सही यांवरच बोट ठेवलं जातं. दुसरी मेख गोळीची. अम्लोडिपिन ‘एच’ अनुसूचीतलं औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं. “मागच्या सिस्टर दोन द्यायच्या,” असं आजींनी कितीही सांगितलं, तरी डोस वाढवण्याचा अधिकार नर्सचा नाही. गोळी मध्येच का सोडली, मिठाचं काय, हे आजींकडून काढून घेणं मात्र तिचंच काम, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे होते. त्याची मदार अशा पाठपुराव्यावरच होती.

पालकांची धास्ती वेगळी: नातेवाईक अंगावर आले तर? राज्यात 2010चा कायदा आहे. रुग्णालयातली मारहाण, तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि या संरक्षणात नर्सही येतात. कायद्याने धक्काबुक्की थांबतेच असं नाही, पण तक्रार कुठे करायची ते तरी ठाऊक हवं.

शिक्षणाचं थोडक्यात: बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन, जीएनएम तीन, एएनएम दोन. मुलग्यांनीही बिचकू नये, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. पदवी हातात आली तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय काम करता येत नाही. तेव्हा फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता चालू वर्षाची आहे ना, आणि मुलं प्रत्यक्ष कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात, हे विचारा. रुग्णालयाचं नाव सांगितलं, तर एकदा तिथे जाऊनच या.