घोड्यांच्या डॉक्टरबाईंबरोबर सहा आठवडे

इंग्लंड देशात न्यूमार्केट नावाचे एक गाव आहे. लंडन शहरापासून ते सुमारे १०० किलोमीटर उत्तरेला पडते. गाव आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच. पण तिथे शर्यतीचे सुमारे ३,००० घोडे राहतात. सकाळी हे घोडे रांगेने माळावर पळायला निघतात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेने वेगळी वाट राखलेली आहे. घोडे रस्ता ओलांडू लागले की मोटारी थांबतात. आपल्याकडे शिवाजी महाराज स्वराज्य उभे करीत होते, त्याच काळात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स या माळावर शर्यती भरवी आणि स्वतःही घोडा पळवी. तेव्हापासून हे गाव घोड्यांचेच झाले आहे.

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी या गावी सहा आठवडे राहून आली. ती मुंबईला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. गुराढोरांच्या डॉक्टरीचे हे महाविद्यालय १८८६ साली निघालेले आहे. मुलीचे आजोबा टांगा हाकीत. टांगे बंद पडले, तेव्हा चुलत्याने लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या पाळल्या. घर असे घोड्यांचे. प्रवासाचा निम्मा खर्च शिष्यवृत्तीतून झाला, निम्मा चुलत्याने केला. तिने आम्हांला जे सांगितले आणि तिच्या वहीत जे लिहिलेले आहे, त्यातले काही इथे देतो.

परत आल्यावर गावात जो तो विचारी, "तिकडं काम काय केलंस?" ती म्हणे, "काही नाही. बघितलं."

ते खरेच होते. परवाना मिळाल्याशिवाय आपल्या जबाबदारीवर जनावरांची डॉक्टरकी करता येत नाही. विद्यार्थ्याने कामावरच्या डॉक्टरमागे राहावे आणि पाहावे, अशी तिकडे रीत आहे. सुट्टीतले कित्येक आठवडे तिकडची मुले असे काम पाहण्यात घालवतात. आपल्याकडे सुताराचा पोरगा बापाजवळ बसून रंधा कसा चालतो ते पाहतो. त्यातलाच हा प्रकार. आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवले. बघायला शिकवणे हे लिहायला शिकवण्यापेक्षा अवघड, असे आमचे मत आहे.

मुलगी ज्यांच्यामागे राहिली त्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या. आज इंग्लंडात जनावरांची डॉक्टरकी शिकणाऱ्यांत मुलीच जास्त आहेत. पण पूर्वी तसे नव्हते. एलिन कस्ट नावाच्या बाईंनी १९०० साली हे शिक्षण पुरे केले. परंतु बाई म्हणून त्यांना शेवटच्या परीक्षेला बसू दिले नाही. त्या आयर्लंडात जाऊन घोडागुरांवर उपचार करीत राहिल्या. पदवी हाती आली ती १९२२ साली. तब्बल बावीस वर्षांनी! घोड्यांना मात्र त्याआधीही त्यांचा गुण येतच होता.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी मुलीला तीन गोष्टी सांगितल्या. उघडलेले फाटक आपणच बंद करायचे. घोड्याजवळ जाताना आधी बोलायचे आणि त्याच्या डाव्या खांद्याकडून जायचे, पाठीमागून कधीही नाही. तिसरी गोष्ट अशी की, हात लावण्याआधी बाहेर उभे राहून पाहायचे.

बाई तबेल्याच्या दाराशी दोन-तीन मिनिटे नुसत्या उभ्या राहत. मुलीला वाटे, या कशाची वाट बघतात? मग बाई विचारीत, काय दिसले? पहिल्या आठवड्यात मुलगी सांगे, "घोडी उभी आहे." बाई हसत. घोडी उभी आहे, पण कोणत्या पायावर भार आहे? गवत संपवले की तसेच आहे? रात्रीत लीद किती वेळा टाकली? खालचा पेंढा विस्कटलेला आहे का? विस्कटला असेल, तर ती रात्री लोळली काय? कान कुठे वळले आहेत? कुशीकडे मान वळवून बघते काय? घोड्याला बोलता येत नाही असे आपण म्हणतो. पण या सगळ्या गोष्टी तो सांगतच असतो.

लंगडा घोडा कसा ओळखावा, हेही तिने तिथे पाहिले. घोड्याला सपाट, कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवतात. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा डोके वर उचलतो. चांगला पाय टेकला की डोके खाली जाते. म्हणून पायाआधी डोक्याकडे पाहायचे. मग डॉक्टर चिमट्याने खूर जागोजाग दाबून बघतात. कुठे दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो, तिथे दुखणे. पुष्कळदा सगळे दुखणे खुरातच निघते. आपल्याकडचे जुने नालबंद हेच सांगत. मुलीच्या आजोबांनी हे ऐकले तेव्हा ते म्हणाले, "हे तर मला ठावं होतं. त्यासाठी विमानानं जायला कशाला हवं?"

एप्रिल महिन्यात तिकडे घोड्या विण्याचा हंगाम असतो. रात्री आठ वाजता उजेड असतो, आणि वारा थंड असतो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते, आणि बहुधा रात्रीच विते. डॉक्टरबाईंनी वेळेचा एक हिशेब मुलीला पाठ करायला लावला. शिंगरू जन्मल्यावर एका तासात उभे राहावे. दोन तासांत प्यायला लागावे. तीन तासांच्या आत घोडीचा जार पडावा. यातले काही चुकले की डॉक्टरला बोलवायचे, सकाळची वाट पाहायची नाही.

दोन तासांत प्यायला लागावे, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची थोडीफार शक्ती आईच्या पोटातच मिळते. शिंगराला ती पोटात मिळत नाही. ती आईच्या पहिल्या चिकात असते. आणि ही शक्ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट जन्मानंतरच्या थोड्याच तासांपुरती उघडी असते. एक दिवस उलटला की ती बंद होते. मग कितीही चीक पाजला तरी तो नुसता पोट भरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी शिंगराचे रक्त तपासून ही शक्ती आली की नाही ते पाहतात. गाईच्या वासराचेही असेच आहे. खरवस आम्हांलाही आवडतो. पण वासराचे पोट भरल्यावर उरेल त्या चिकाचाच तो करावा.

आता वहीतली एक रात्र सांगतो. मुलीने वेळा लिहून ठेवल्या आहेत.

रात्री दहा चाळीस. एका पागेतला रात्रीचा राखणदार फेरी मारीत होता. महिनाभरापूर्वी व्यालेली एक घोडी त्याला वेगळी वाटली. शिंगरू प्यायला आले तर तिने पाय झाडला. ती कुशीकडे बघत होती आणि पुढच्या पायाने जमीन उकरीत होती. एवढेच. राखणदाराने लगेच डॉक्टरबाईंना फोन केला.

अकरा पंचवीस. घोडी शिंगरासह गाडीतून दवाखान्यात पोहोचली. अंगाला घाम, पोट फुगलेले. नाडी ७२.

इथे जरा थांबा. आपल्या मनगटावर दोन बोटे ठेवा आणि नाडी मोजा. मोठ्या माणसाची नाडी बसल्याजागी मिनिटाला साधारण ७० ते ८० ठोके देते. घोडा केवढा थोर, पण त्याची नाडी आपल्याहून संथ. उभा असताना मिनिटाला २८ ते ४४ ठोके. म्हणून घोडीची ७२ म्हणजे फार झाली.

घोड्याचे पोट ही नाजूक वस्तू आहे. एवढ्या देहाला जठर मात्र घागरीएवढे. आतडे सुमारे ३० मीटर लांब. जठराचे तोंड इतके घट्ट की घोड्याला ओकारी होत नाही. आत गेलेले वर येत नाही. मोठे आतडे पोटात बरेचसे मोकळेच असते. कधीकधी ते फिरते आणि पिळा पडतो. मग रक्त अडते, आणि आतडे काही तासांत मरू लागते. नुकत्याच व्यालेल्या घोड्यांना हे जास्त होते. या घोडीला तेच झाले होते.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून जठर मोकळे केले, हाताने आतून तपासले, आणि मालकाला फोनवर स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रिया केली तर घोडी जगेलच असे नाही. केली नाही तर सकाळ बघणार नाही. मालक म्हणाला, करा.

बारा दहा. घोडीला भूल दिली, चारी पाय बांधून यारीने उचलले, आणि मेजावर उताणे ठेवले. पोट उघडले तेव्हा आतडे काळेजांभळे दिसत होते. दोन डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून पिळा सोडवला. मग सगळे हात आवरून पाहत राहिले. हळूहळू रंग बदलू लागला, जांभळ्याचा लाल, लालाचा गुलाबी. मुलीने वहीत फक्त "रंग आला" एवढेच लिहिले आहे.

मुलीला वाटले, संपले. पण खरी भीती पुढेच असते. भूल उतरताना घोडा घाबरून उठतो, पडतो, आणि पाय मोडून घेतो. म्हणून त्याला चहूबाजूंनी गाद्या लावलेल्या खोलीत ठेवतात. डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून बाहेरून आधार देतात. तीन पंचेचाळीसला घोडी उठली. एकदा धडपडली, पण उभी राहिली. पलीकडे शिंगरू ओरडत होते. तिने कान तिकडे वळवले.

सकाळी डॉक्टरबाईंनी पहिला फोन राखणदाराला केला. तो दोन तासांनी फेरी मारता, तर मेजावर ठेवायलाही घोडी उरली नसती, असे त्या म्हणाल्या.

शर्यतीच्या घोड्याची किंमत लाखांत आणि कोटींत असते, म्हणून असे दवाखाने उभे राहतात. शर्यतीच्या जुगाराचे कौतुक आम्हांला नाही. पण ती यारी, तो दवाखाना आपल्या वरातीच्या घोडीला किंवा धनगराच्या तट्टाला मिळणार नाही, हे उघड आहे. राखणदार मात्र मिळू शकतो.

या मुलीच्या लहानपणी तिच्या आजोबांची टांग्याची घोडी पोटदुखीनेच गेली. संध्याकाळी तिने चंदी खाल्ली नव्हती. ते कोणी मनावर घेतले नाही. रात्री लोळू लागली, तेव्हा शेजारपाजारचे जमले. बांबूच्या नळकांड्यातून तेल आणि हिंगाचे पाणी पाजले. ती ठसकली. रात्रभर तिला फिरवली. पहाटे ती पडली. माणसे मायेने करीत होती. पण असे पाजलेले औषध श्वासनळीतून फुप्फुसात जाऊ शकते, आणि घोड्याला ओकून ते टाकता येत नाही. पोट दुखत असेल तर गव्हाणीतला चारा काढून घ्यावा. लोळून इजा होऊ नये म्हणून थोडे हळूहळू चालवावे, दमेपर्यंत नाही. तोंडातून काही पाजू नये. आणि डॉक्टरला लगेच बोलवावे. आपल्या राज्यात जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोन केला म्हणजे लगेच गाडी दारात येईल असे नाही. म्हणूनच दुखण्याची पहिली खूण दिसताच तो फिरवावा.

मुलगी घरी आल्यावर चुलत्याच्या तबेल्यात गेली. दारातल्या भिंतीवर तिने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले:

नाडी २८ ते ४४
श्वास ८ ते १६
हिरडी दाबली तर २ सेकंदांत गुलाबी
लीद किती वेळा?

नाडी कुठे बघायची, तेही तिने आजोबांना दाखवले. खालच्या जबड्याच्या कडेला बोट फिरवले की एक शीर लागते. आजोबांचे वय ऐंशीच्या घरात. अक्षरे त्यांना अजून पुरती येत नाहीत, पण रात्रीच्या वर्गात आकडे शिकले आहेत. दोन्ही घोड्यांची नाडी ते सकाळ-संध्याकाळ मोजतात आणि त्याच भिंतीवर लिहितात. परवा आम्ही गेलो तेव्हा धाकट्या घोडीपुढे ३६ होते, थोरलीपुढे ४०. थोरलीचा आकडा त्यांनी दोनदा मोजून लिहिला होता, कारण आदल्या दिवशी ती दोन वराती करून आली होती.