आपल्या विहिरीचे पाणी : तपासणी आणि नोंद

वसतिगृहात सकाळी मुले दात घासत असताना आम्ही शिक्षक नळांच्या रांगेपाशी उभे राहत असू. पाचवीत नव्याने दाखल झालेल्या काही मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके आणि पिवळसर-तपकिरी पट्टे दिसत. मुले दात नीट घासत नाहीत असे गृहीत धरून आम्ही त्यांना रागावलो; एकदोघांना सर्वांदेखत पुन्हा नळावर पाठविले. पुढे आरोग्य तपासणीस आलेल्या डॉक्टरांनी प्रत्येकाला गावाचे नाव विचारले, तेव्हा ती सारी मुले दोन-तीन गावांतलीच निघाली. तो दंतफ्लोरोसिस होता. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराईड पोटात गेले की अशी खूण उमटते आणि कितीही घासली तरी ती जात नाही. त्या मुलांची आम्ही क्षमा मागितली. भूजलाचा आमचा अभ्यास तेथून सुरू झाला.

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट या काळ्या खडकाचा आहे. नदीकाठच्या वाळूत पाणी जसे सर्वत्र मुरून राहते, तसे या खडकात राहत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या सांध्या-भेगांत साठते. याचे दोन परिणाम होतात. शेजारच्या दोन विहिरींचे पाणी चवीला आणि गुणाला अगदी वेगळे असू शकते. शिवाय भेगेतून वाहणारे पाणी वाळूतल्यासारखे गाळले जात नाही, त्यामुळे शोषखड्ड्यातील किंवा उकिरड्यातील घाण पहिल्याच जोरदार पावसात विहिरीत पोहोचू शकते. फ्लोराईडचे मूळ वेगळे आहे. ते खडकातील खनिजांतून विरघळून येते, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांना त्याचा त्रास आहे. उघड्या विहिरीतील जंतूंपासून सुटका व्हावी म्हणून विंधन विहिरी खोदल्या गेल्या. काही गावांत त्या खोल पाण्याबरोबर फ्लोराईड वर आले. पाणी नितळ, थंड आणि गोड लागणारे असल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात पंचगव्य मिसळलेल्या घागरी ओतल्या आणि त्याला शुद्धीकरण म्हटले. शेण आणि गोमूत्र पाण्यात मिसळले तर आजची कोणतीही प्रयोगशाळा ते पाणी दूषित ठरवील. शुद्धतेचा निवाडा पिणाऱ्याच्या जन्मावरून करणारी ती रीत होती. मापन हा निवाडा पाण्यावरूनच करते. वस्तीचा हातपंप गावाच्या सांडपाण्याच्या उतारावर आहे, अशी गावे आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतील. तेथे पाणी घेण्याचा हक्क मिळाला, पण ते पाणी कसे आहे हे सांगणारा कागद वस्तीत कोणाकडे नसतो.

भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड एका लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतले जाते. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही, कारण अधिक नायट्रेटमुळे बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू 100 मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस आवश्यक वाटते. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराईड आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढते. टी.सी.एल. पावडरही त्यांवर निरुपयोगी आहे.

तपासणी एकदा करणे वेगळे आणि देखरेख ठेवणे वेगळे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. तोच धडा घेऊन आम्ही शाळेच्या विहिरीची वही घातली. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, त्याच जागेवरून नमुना घ्यायचा. तारीख, वेळ, पाण्याची खोली आणि आदल्या आठवड्यातील पाऊस लिहायचा. विज्ञानाच्या तासाला मुलेच हे काम करतात, आणि अंक खोडण्यास त्यांना सक्त मनाई आहे.

पहिले दोन अहवाल समाधानकारक आले म्हणून आम्ही निश्चिंत झालो होतो. तिसऱ्या अहवालात नायट्रेटने मर्यादा ओलांडली. वही मागे चाळली तेव्हा दिसले की ते प्रत्येक वेळी थोडे वाढत होते आणि त्याच्यासोबत क्लोराईडही. ही दोन्ही बरोबरीने चढू लागली की संशय प्रथम सांडपाण्यावर जातो. शेतातील युरियाला दोष देणे आम्हांला सोयीचे झाले असते. पण विहिरीच्या वरच्या अंगाला आमच्याच नव्या शौचालयांचा शोषखड्डा होता. विहिरीपासून 15 मीटरचे अंतर पुरेसे मानून आम्ही तो खोदला होता. खडकाच्या भेगेची दिशा आम्ही पाहिलीच नव्हती. खड्डा बुजवून उताराच्या खालच्या बाजूस हलविला, आणि त्या काळात पिण्याचे पाणी दुसरीकडून आणले. नायट्रेट लगेच उतरले नाही; भेगांत साचलेले पाणी बदलण्यास पावसाळे जावे लागतात.

यंदाच्या मेळाव्यास येताना माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपण पितो त्या विहिरीचे किंवा हातपंपाचे एक लिटर पाणी आणावे, अशी आमची विनंती आहे. हातपंप किंवा मोटर काही मिनिटे चालू ठेवून साचलेले पाणी जाऊ द्यावे. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी; फ्लोराईडसाठी काचेची बाटली चालत नाही. त्यावर गाव, वस्ती, स्रोत आणि तारीख लिहावी. फ्लोराईड प्रवासात बदलत नाही, म्हणून या नमुन्यांतून तेवढेच तपासता येईल. नायट्रेट आणि जंतू रेंगाळलेल्या नमुन्यात बदलतात. त्यांसाठी भूजल यंत्रणेच्या जिल्हा वा उपविभागीय प्रयोगशाळेत विचारणा करावी. जंतूंसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली घ्यावी, ती न विसळता भरावी आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. आलेले आकडे गावाच्या नावासह आम्ही वहीत उतरवू. वही कार्यालयाबाहेरच्या मेजावर असते, कोणीही पाहावी.