फायबर सडत नाही!

उत्तनला मामाची जुनी फायबरची होडी आहे. सुट्टीत मुर्ध्याहून गेलो, तर इंजिन लटकते ती मागची भिंत दाबल्यावर पिचपिचत होती. मामा म्हणाला, "फायबर सडलं रे!" मित्रांनो, सडते ते आतले लाकूड, बोल्टच्या भोकांतून पाणी शिरते.

पीव्हीसी फोम कुजत नाही, पण बोल्टखाली चेपतो. म्हणून तिथे आयएस ७१० मरीन प्लायच हवा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त. पण लाकूड आणि जुना थर इपॉक्सीच घट्ट धरते. त्यासोबत विणलेले कापड घ्या. साध्या मॅटचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. शेवटी भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातच नवीन पाडा.

खर्च ऐकून मामा कुरकुरला. मी एवढेच विचारले, "भर समुद्रात इंजिन सुटलं तर?"