गार्बेज कलेक्टर कनेक्शन सोडवत नाही

शीळफाट्याजवळच्या एका गोदामात मालवाहू गाड्यांची नोंद ठेवणारं जावातलं सॉफ्टवेअर होतं. त्याची देखभाल आमच्याकडे आली. जड वाहनांवरच्या बंदीची वेळ संपली की कल्याण, मुंब्रा, महापे अशा तिन्ही बाजूंनी गाड्या एकदम येत आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर अडायचं. गेटवर ड्रायव्हर ताटकळायचे. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत, त्यामुळे कारण शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

कारण साधं होतं. गाडीचा नंबर चुकीचा आला की एक्सेप्शन यायचं आणि खालची ‘क्लोज’ची ओळ चालायचीच नाही. डेटाबेसचं कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे तयार कनेक्शनांच्या सामायिक साठ्यात, परतत नसे. आमचा पूल सांभाळणारी जावा लायब्ररी म्हणजे हिकारीसीपी. तिच्या पूलमध्ये, आपण आकडा बदलला नाही तर, १० कनेक्शनं असतात. ती संपली की पुढची प्रत्येक विनंती ३० सेकंद थांबून अपयशी ठरते.

‘जावा आहे, गार्बेज कलेक्टर बघून घेईल,’ हा समज मी फार ठिकाणी ऐकला आहे आणि तो घातक आहे. कलेक्टर मेमरी मोकळी करतो. कनेक्शन, फाइल, लॉक यांची टंचाई त्याला दिसत नाही. शिवाय पूल स्वतःच कनेक्शन धरून ठेवतो, म्हणजे कलेक्टरच्या लेखी ते वापरातच असतं. ऑब्जेक्ट काढून टाकण्याआधी कलेक्टर बोलावतो त्या ‘फायनलाइझ’ मेथडचाही भरवसा धरू नका, ते कधी चालेल याची हमी नाही, आणि २०१७च्या जावा ९पासून ते वापरू नये असंच भाषा सांगते.

कनेक्शन, फाइल असे रिसोर्स वेळेवर सोडण्याचं काम सी++मध्ये डिस्ट्रक्टर करतो. ब्लॉक संपला, किंवा पुढे पकडलं जाणारं एक्सेप्शन आलं, तरी तो चालतोच. जावाला अशी सोय २०११मध्ये मिळाली: ट्राय-विथ-रिसोर्सेस. पायथनमध्ये ‘विथ’, सी शार्पमध्ये ‘यूझिंग’. आम्ही ट्राय-विथ-रिसोर्सेसच वापरलं. बदल थोड्याच ओळींचा होता. एक मात्र सांभाळा. प्रत्येक रिसोर्स ट्रायच्या कंसात वेगळ्या नावाने लिहा. एकात एक गुंफलेत आणि बाहेरचा बनताना फसला, तर आतला उघडाच राहतो.

चाचणी करताना मुद्दाम चुकीची माहिती पाठवा, पूलच्या आकड्यापेक्षा जास्त वेळा. हिकारीसीपीत न परतलेल्या कनेक्शनचा इशारा देणारी सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती आजच सुरू करा.