माप आणि वजन

मुलांनो, ‘शेर’ हा एकच शब्द पूर्वी आपल्याकडे दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जात असे. तराजूत घालावयाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम वजनाचा होता. धान्य मोजावयाचा शेर मात्र एक भांडे होते. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली होई. पहिला शेर पदार्थाचे वजन सांगे. दुसरा, त्या पदार्थाने किती जागा व्यापली एवढेच सांगे.

हा भेद समजण्यास एक वाटी पुरे. दीडशे मिलिलिटर पाणी मावेल अशी वाटी घ्या. तीत पाणी भरल्यास ते १५० ग्रॅम होईल. साखर भरल्यास सुमारे १२५ ग्रॅम होते, तर चाळलेली कणीक ८० ग्रॅमच्या आसपासच राहते. मध मात्र २०० ग्रॅमच्याही पुढे जातो. लाह्यांची तर गोष्टच सोडा! वाटी तीच, मग असे का व्हावे?

काही पदार्थ मुळातच जड असतात, हे एक कारण. दुसरे कारण पाहावयाचे असेल तर वाटीभर कोरड्या हरभऱ्यांत हळूहळू पाणी ओता. भरलेली दिसणारी ती वाटी आणखी एक तृतीयांश वाटीहून अधिक पाणी सामावून घेते. ती जागा हवेने व्यापलेली होती. पिठातही अशीच हवा असते. पीठ दाबून भरले, तर त्याच वाटीत ते पंधरा-वीस ग्रॅम अधिक मावते.

म्हणून मापाचे वजन करण्याचा, सर्व जिन्नसांस लागू पडेल असा एकच आकडा नाही. प्रत्येक जिन्नस सपाट वाटीभर घेऊन एकदा काट्यावर तोलावा व तो आकडा लिहून ठेवावा. वाटीत ७५ ग्रॅम बेसन मावत असेल, तर ३०० ग्रॅमसाठी चार वाट्या घ्याव्या लागतील. सर्वच जिन्नस वाटीने सांगितले असतील, तर मात्र ही खटपट नको. वाटी लहान असो वा मोठी, शेवटपर्यंत तीच वापरली की प्रमाण कायम राहते. आपल्या आज्यांचे लाडू काट्यावाचूनही बिघडत नसत, ते यामुळेच.

परंतु माप हे केवळ स्वयंपाकघरातले काम नव्हते. शेतमजुरास मजुरी धान्याच्या रूपाने मिळे, तेव्हा माप सपाट की शिगोशीग, यावर त्याच्या घरच्या भाकरी अवलंबून असत. रुंद, उथळ मापावर शीग मोठी राहते. अरुंद, उंच मापावर ती लहान होते. शिवाय पायलीही सर्वत्र सारखी नसे. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. पायली आता ‘पायलीचे पंधरा’ या म्हणीपुरती अनेकांच्या ओळखीची आहे.

तरी जुना घोटाळा अजून पुरता मिटलेला नाही. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर वजन पाहा. ते सुमारे ९१० ग्रॅम असते. एक किलोचा भाव देऊन एक लिटर तेल घेणाऱ्याच्या पदरात ९० ग्रॅम तेल कमी पडते.