मोटारीतील इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल : दोषनिदानाची योग्य रीत

रुग्णाला घेऊन निघालेल्या वाहनाने पेडल दाबूनही वेग घेऊ नये, या प्रसंगाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. पूर्वी पेडल व थ्रॉटल यांना जोडणारी तार तुटली की दोष डोळ्यांना दिसे. आजच्या पेट्रोल मोटारीत ही तार नसते. म्हणून शासकीय वाहने ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनी दोषनिदानाची नवी रीत जाणून घेणे हिताचे आहे.

पेडलला जोडलेले दोन सेन्सर पाय किती दाबला, हे विद्युतदाबाच्या रूपाने नियंत्रक संगणकाला कळवितात. संगणक लहान विद्युत मोटरकरवी थ्रॉटलची झडप उघडतो. ती किती उघडली, हे आणखी दोन सेन्सर सांगतात. सेन्सरना सामान्यतः ५ व्होल्टचा पुरवठा असतो. सेन्सर जोडीने ठेवण्याचा हेतू सुरक्षिततेचा होय. दोहोंचा मेळ बसेनासा झाला की संगणक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो व इशाऱ्याचा दिवा लागतो.

स्कॅनर लावताच दोषसंकेत मिळतो. ‘पी ०१२२’ म्हणजे थ्रॉटल सेन्सरचा विद्युतदाब प्रमाणापेक्षा कमी, ‘पी ०१२३’ म्हणजे अधिक आणि ‘पी २१३५’ म्हणजे दोन सेन्सरांत विसंगती. परंतु हा संकेत सदोष मंडल दर्शवितो, सदोष भाग नव्हे. संकेत पाहून लगेच थ्रॉटलचा संपूर्ण संच बदलणे म्हणजे पुष्कळदा सार्वजनिक पैशाचा अपव्यय ठरतो.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. संकेत नोंदवून ठेवावेत, बॅटरीचा विद्युतदाब पाहावा.
२. जोडण्या उघडून गंज, ओल, सैल पिना व उंदरांनी कुरतडलेल्या तारा शोधाव्यात.
३. इंजिन बंद व चावी चालू ठेवून सेन्सरच्या जोडणीत ५ व्होल्ट व अर्थ मिळतो की नाही, हे मल्टिमीटरने मोजावे. पुरवठा नसल्यास दोष तारेत वा संगणकाच्या बाजूस असतो.
४. पेडल सावकाश दाबून स्कॅनरवर सेन्सरचे आकडे पाहावेत. ते अखंड बदलावेत. मध्येच तुटल्यास सेन्सर संशयास्पद होय.
५. तारांचा जुडगा हलवून तेच आकडे पुन्हा पाहावेत.

चावी चालू असता झडपेत बोट घालू नये; ती अकस्मात मिटते. संच बदलल्यावर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे संगणकाला झडपेची स्थिती नव्याने शिकविणे आवश्यक असते.

दुरुस्तीचे देयक मंजूर करण्यापूर्वी दोषसंकेत व मोजमापांची नोंद मागावी. त्यामुळे खर्च वाचतो आणि वाहन वेळेवर उपयोगी पडते.