नाताळची भेट घरी केली तर कितीला पडते?

दहा घरांना नाताळची भेट द्यायची आहे आणि त्यासाठी हजार रुपये बाजूला काढले आहेत, असे धरून चालू. पिंपरीत शगुन चौकाच्या आसपास तयार हॅम्पर बघायला गेलात, तर एवढ्या पैशांत दोन, फार तर तीन घरे होतील. घरी करायला घेतले तर दहाही घरे होतात आणि थोडे पैसे उरतातही. पण त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते: पदार्थ एकच, फार तर दोन, आणि तो एकाच खेपेत करायचा. थोडा केक, थोडी चॉकलेटे, चार मेणबत्त्या असे करायला गेले की प्रत्येकाचे साचे, रंग, इसेन्स नि खोकी वेगळी घ्यावी लागतात. खर्च फुगतो तो तिथे. मैदा-साखरेला फारसे पैसे लागत नाहीत.

खाली दिलेले भाव पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या किराणा दुकानांचा अंदाज घेऊन धरलेले आहेत. तुमच्या दुकानात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल. सप्टेंबर 2025 मध्ये लोणी, तूप, सुकामेवा आणि चॉकलेटवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीवर हिशोब करू नका, नवे पाकीट बघा.

डबा विकत घेण्याआधी

काचेची 250 मिलीची झाकणाची बरणी घाऊकात 20 ते 25 रुपयांना मिळते, किरकोळीत तीच 40 ला. पुठ्ठ्याचे खोके 12 ते 20 रुपये. दहा नगांना दोन-अडीचशे रुपये नुसते वेष्टनाचे झाले. त्याआधी स्वयंपाकघरातली वरची फळी बघा. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेले फराळाचे डबे अजून तिथेच असतील. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो आणि या शहरात तो नाताळला भरून पाठवण्याची चाल जुनीच आहे. नगर-जालन्याकडून कारखान्यांत कामाला आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे नाताळातही करंज्या, शंकरपाळी, चकल्या करतात आणि चाळीभर, सोसायटीभर देतात. शेजाऱ्याचाच डबा भरून दिला तर वेष्टनाचा खर्च शून्य. मला ही भेट रिबिनीच्या हॅम्परपेक्षा कितीतरी जवळची वाटते.

अंडे चालेल का, हे विचारून घ्या

केक म्हटले की अंडे आले आणि मार्गशीर्षातले गुरुवार पुष्कळदा याच दिवसांत पडतात. कित्येक घरांत तो महिनाभर सामिष बंद असते, काही घरांत अंडे कधीच चालत नाही. अशा ठिकाणी दिलेला केक न खाताच पुढे कुणाला तरी जातो. तुमचे पैसे गेले आणि त्या माणसाला अवघडल्यासारखे झाले ते वेगळेच. शिवाय अंडी थंडीतच महाग होतात. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा रोजचा भाव बघितलात तर डिसेंबरचा आकडा बहुधा चढाच दिसतो. म्हणून दहांपैकी किती घरांत अंडे चालते हे आधी मोजा आणि मगच पदार्थ ठरवा.

बहुतेकांना चालणारा आणि स्वस्त: मोरावळा

डिसेंबरात आवळ्याचा हंगाम भरात असतो. पिंपरीच्या मंडईत किंवा चाकणच्या बाजारात चांगला टपोरा आवळा 50 ते 70 रुपये किलो मिळतो. दोन किलो आवळा 120, दोन किलो साखर 90, वेलदोडे-केशर 30 आणि गॅसचे 20 धरा. 260 रुपयांत सव्वातीन किलोच्या आसपास मोरावळा होतो, म्हणजे 250 मिलीच्या दहा बरण्या भरतात. बरण्या विकत घेतल्या तर त्यांचे 220 आणि झाकणावर बांधायला कापड-सुतळीचे 40. एकूण 520, बरणीमागे 52 रुपये. पाक दोन तारी झाला आणि बरणी कोरडी ठणठणीत असली, तर फ्रीजशिवाय महिनोन्महिने टिकतो. अंडे नाही, मैदा नाही, वयस्क माणसांनाही आवडतो. मात्र मधुमेह असलेल्या घरी तो पाठवू नये. त्याच आवळ्याचे मीठ लावून वाळवलेले काप द्यावेत, खर्च त्याहूनही कमी.

आता चाकणच्या खोल्यांकडे वळू. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या पट्ट्यात चौघे-पाच जण मिळून भाड्याने राहणारी, मेसच्या डब्यावर दिवस काढणारी हजारो मुले आहेत. कंपनीत सिक्रेट सांताची चिठ्ठी अशा मुलाच्या नावाची निघाली, तर शोभेची वस्तू देऊ नका. त्याच्याकडे ती ठेवायला जागा नाही. लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी द्या. एक किलो दाणे 140, पाव किलो लसूण 45, तिखट-मीठ-जिरे 45, म्हणजे 230 रुपयांत सव्वा किलो चटणी होते. दोनशे ग्रॅमची सहा पाकिटे, पाकिटामागे 40 रुपयांच्या आत. लसूण आधी थोड्या तेलावर चांगला परतून कोरडा केला तर महिनाभर वास येत नाही. तिसऱ्या पाळीवरून आल्यावर मेसची गार चपाती या चटणीने पोटात जाते. कंपनीने भेटीची मर्यादा 200 ठेवली असेल तर चटणीसोबत मोरावळ्याची बरणी आणि अर्धा किलो गूळ देऊनही पैसे उरतात.

कुलकुल आणि शंकरपाळी

एक किलो मैदा 45, तीनशे ग्रॅम साखर 15, एक नारळ 45, दोन अंडी 16, शंभर ग्रॅम तूप 65, तळणीत जिरणारे तेल 50, गॅस 15. झाले 251 रुपये. पावणेदोन किलो माल निघतो, दोनशे ग्रॅमच्या आठ पिशव्या. पिशवीमागे 31 रुपये आणि वर खोक्याचे 12. शंकरपाळ्यात अंडे घालायची गरजच नसते. कुलकुलात नारळाचे दूध घातले तर तिथेही वगळता येते. खर्च कमी असला तरी वेळ भरपूर लागतो. कुलकुलाची एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर वळावी लागते. एकटीने बसाल तर अख्खी संध्याकाळ जाईल. मुले, आजी, शेजारीण सगळी मिळून वळायला बसली तर दोन तासांत होते आणि मुलांना त्यातच सण भेटतो. घरात हात कमी असतील तर शंकरपाळीच करा.

दुसरी वाट बेकरीची आहे. दिवाळीत सामान देऊन नानकटाई भाजून आणतात, तशी डिसेंबरातही आणता येते. भट्टीची मजुरी किलोवर असते, आधी विचारा. पण हे काम 15 तारखेच्या आत उरका. वीस तारखेच्या पुढे भट्ट्या बेकरीच्या स्वतःच्या केकमध्ये गुंततात आणि तुमच्या ट्रेकडे कुणाचे लक्ष राहत नाही.

प्लम केक: करावा, पण मोजक्या घरांसाठी

एका किलोचा हिशोब असा. दोनशे ग्रॅम लोणी 120, मैदा आणि साखर मिळून 20, चार अंडी 32, तीनशे ग्रॅम सुकामेवा 150, मसाला आणि बेकिंग पावडर 15. दीड-दोन हजार वॉटचा ओव्हन तासभर चालला की दीड ते दोन युनिट जातात. महिन्याला शंभर युनिटांच्या पुढे वापर असेल तर ते 20 ते 25 रुपये धरा. पाव किलोचे चार कागदी साचे 32. म्हणजे 390 रुपयांत चार छोटे केक, एक जवळजवळ शंभराला. खोके धरून 115.

यात पैसे वाचवायची जागा म्हणजे सुकामेवा. परदेशी क्रॅनबेरी, ब्लूबेरीच्या मागे लागू नका. सांगली-तासगावचा बेदाणा, बिया काढलेला खजूर, तुकडा काजू आणि घरी पाकवलेली संत्र्याची साल एवढ्यावर उत्तम केक होतो. अख्ख्या काजूपेक्षा तुकडा बराच स्वस्त पडतो आणि केकमध्ये तो चिरूनच जायचा असतो. लोण्यात मात्र काटकसर नको. मार्जरीनने चाळीस-पन्नास रुपये वाचतात, पण तोंडात चिकट थर राहतो आणि मग बाजारातलाच केक आणला असता असे वाटते. मेवा संत्र्याच्या रसात भिजवायचा तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस पुरतात. भाजण्यासाठी गुरुवार टाळा. महावितरणची दुरुस्तीची कामे आपल्याकडे बहुतेक गुरुवारीच निघतात आणि अर्ध्यात वीज गेली की केक बसतो.

दहा घरांचा माझा आराखडा: अंडे चालणाऱ्या चार घरांना केक, उरलेल्या सहांना मोरावळा. केकचे 460, मोरावळ्याचे 312. एकूण 772 रुपये. उरलेल्या पैशांत दारावरचा तारा होतो.

तारा, तसबीर आणि पॅलेटचे लाकूड

तयार कागदी तारा दीडशेपासून चारशेपर्यंत जातो. घरी केला तर बांबूच्या कामट्या 30, पतंगी कागद 20, दोरा आणि खळ दहा रुपयांत. ज्याला आकाशकंदील बांधता येतो त्याला पाच टोकांचा ताराही बांधता येतो. पाच कामट्यांच्या दोन चांदण्या करायच्या आणि मध्ये आडव्या काड्या देऊन पोट फुगवायचे. आत एलईडी दिवाच लावा, साधा गरम होणारा बल्ब नको.

आणखी एक साहित्य या पट्ट्याइतके सहज दुसरीकडे मिळत नाही, ते म्हणजे पॅलेटचे लाकूड. परदेशातून सुटे भाग येतात ते पाइनच्या पॅलेटवर आणि त्या फळ्यांची तसबिरीची चौकट, किल्ल्या अडकवायची पट्टी, झाडाची पेटी सुरेख होते. पण घेण्याआधी फळीवरचा शिक्का वाचा. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे, आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नका. तेलाचे डाग पडलेली फळीही नको. कंपनीतून आणायचे असेल तर लेखी परवानगी आणि गेटपास घेऊनच आणा. चार फळ्यांसाठी नोकरी धोक्यात घालू नये. नाहीतर भंगारवाल्याकडून तुटके पॅलेट विकत घ्या. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली भंगारवाल्यांची शेड पाडली, त्यामुळे आधी चौकशी करून निघा. पॉलिश पेपर 20, काच 40, छापलेला फोटो 25, खिळे-पॉलिश 20 असे शंभरेक रुपयांत एक चौकट पडते. ही भेट आई-वडिलांना किंवा निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला द्यावी. दहा जणांसाठी करू गेलात तर हात दुखून येतील.

सुगंधी मेणबत्त्या मी पहिल्यांदा करणाऱ्याला सुचवणार नाही. मेण, वात, सुगंधी तेल, ग्लास आणि तापमापक धरून पहिल्याच खेपेला सहा-सातशे जातात, आणि मेण थेट आचेवर ठेवले तर पेटते.

बरण्या, खोकी, रिबीन घाऊकात हवी असेल तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी गाठा. 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो पिंपरीहून थेट मंडईपर्यंत जाते, तिथून पायी जाता येते. जाऊन-येऊन साठेक रुपये लागतात. म्हणून दहाच बरण्या हव्या असतील तर जवळच्या दुकानातच घ्या, किंवा शेजारच्या तिघी-चौघी मिळून एकीलाच पाठवा.

पगार सात ते दहा तारखेला होतो, तेव्हा खरेदी त्याच आठवड्यात उरका. मोरावळा 15 च्या आत करून ठेवा, शंकरपाळी आणि चटणी 20 च्या सुमारास, केक 22 किंवा 23 ला. प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी लावून तीन गोष्टी लिहा: केल्याची तारीख, अंडे आहे की नाही, आणि शेंगदाणे-काजू आहेत की नाही.